नसलेल्या पायाची कळ आणि नसेची शस्त्रक्रिया

मधुमेहामुळे किंवा अपघातात हात-पाय गमावलेल्यांच्या कृत्रिम अवयवांबद्दल गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा होती : जखम भरली, टाके निघाले, पण दुखणे हटत नाही. काही डॉक्टर आता ‘नस दुसरीकडे जोडण्याचे’ ऑपरेशन (टीएमआर, म्हणजे टार्गेटेड मसल रीइनर्व्हेशन) सुचवतात, ते नेमके काय, असेही अनेकांनी विचारले आहे. निवडक प्रश्नांना आमच्या प्लास्टिक सर्जरी आणि वेदनाचिकित्सेच्या सल्लागारांनी दिलेली ही उत्तरे.

प्रश्न : माझ्या वडिलांचा उजवा पाय दोन वर्षांपूर्वी गँगरीनमुळे गुडघ्याखाली कापला. रात्र झाली की नसलेल्या अंगठ्याची आग सुरू होते. शिवाय स्टंपच्या, म्हणजे कापून उरलेल्या पायाच्या, बाहेरच्या बाजूला एक जागा अशी आहे की लेंग्याचे कापड घासले तरी करंट बसतो. एका डॉक्टरांनी न्यूरोमा आहे, ऑपरेशन करा म्हणून सांगितले. नातेवाईक म्हणतात, हा मनाचा खेळ आहे. — एक वाचक, हडपसर

उत्तर : मनाचा खेळ नाही, हे नातेवाइकांना आधी सांगून टाका. पण तुमच्या वडिलांना दुखणी दोन आहेत आणि ती वेगवेगळी धरायला हवीत. नसलेल्या अंगठ्याची आग हे फँटम पेन. कापड घासल्यावर बसणारा करंट हे स्टंपमधले दुखणे, आणि वर्णनावरून ते न्यूरोमाचे असण्याची शक्यता बरीच आहे.

नस कापली तरी तिचे वरचे टोक जिवंत असते. ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने नवे तंतू पुढे सोडत राहते. पुढची वाटच उरलेली नसल्यामुळे हे तंतू एकमेकांत आणि आजूबाजूच्या व्रणात गुंततात आणि त्यांची गाठ होते. तोच न्यूरोमा. कापलेल्या प्रत्येक नसेला अशी गाठ येतेच; दुखते ती त्यांतली एखादी. जी कातडीलगत आली, हाडाच्या कडेला चिकटली किंवा सॉकेटच्या (कृत्रिम पायाच्या, स्टंप बसतो त्या खोबणीच्या) दाबाखाली सापडली, ती छळते.

तरीही ऑपरेशनची तारीख घेण्याआधी बाकीची कारणे बाजूला काढून घ्या. सुरुवात सॉकेटपासून करा. पहिल्या वर्ष-दीड वर्षात स्टंप बारीक होतो, जुने सॉकेट सैल पडते आणि स्टंप आत खोल जाऊन टोकावर भार येतो. अशा वेळी एखादा जादा स्टंप-सॉक (स्टंपवर घालायचा मोजा) किंवा नवे सॉकेट एवढ्यावर काम भागते. कापलेल्या हाडाला टोक फुटले आहे का, ते साध्या एक्स-रेमध्ये दिसते. मधुमेह असल्याने रक्तपुरवठ्याचा डॉपलर करायलाच हवा : चालल्यावर मांडीत गोळा येतो आणि थांबल्यावर जातो, असे होत असेल तर दोष रक्तवाहिनीचा आहे, नसेचा नाही. कंबरेतून निघून खाली जाणारी कळ असेल तर मणक्याची तपासणी. कापलेल्या पायालाही सायटिका होऊ शकते, हे घाईत विसरले जाते.

हे सगळे झाल्यावर त्या जागेवर बोटाने हलकेच ठोकून पाहतात. नेमक्या एका बिंदूवरून नसलेल्या पायाकडे चमक गेली, तर संशय पक्का होतो. मग सोनोग्राफीत गाठ पाहून तिच्याजवळ लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे १ ते २ मिलिलिटर इंजेक्शन देतात. ही चाचणी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. इंजेक्शनच्या आधी दुखण्याला ० ते १० पैकी किती गुण, आणि अर्ध्या तासाने किती, ते कागदावर लिहून ठेवा. करंटचे ८ गुण ३ वर आले, तर नस दोषी आहे. त्याच तासात अंगठ्याची आगही कमी झाली, तर ऑपरेशनने फँटमलाही उतार पडेल अशी आशा धरता येते. काहीच फरक पडला नाही, तर या गाठीवर ऑपरेशन करू नये, असे आमचे मत आहे.

प्रश्न : आमच्या मिस्टरांचा डावा हात पॉवर प्रेसमध्ये सापडला आणि कोपराच्या वर कापावा लागला. न्यूरोमाची गाठ दोनदा काढली, दोन्ही वेळा वर्षाच्या आत दुखणे परत आले. आता तिसऱ्या ठिकाणी टीएमआर सांगितले आहे. पुन्हा तेच होणार नाही कशावरून? आणि त्यात करतात काय? — एक वाचक, भोसरी

उत्तर : गाठ कापून काढली म्हणजे नसेला पुन्हा एक ताजे टोक मिळाले. ते टोक पुन्हा वाढणार आणि पुन्हा गुंतणार. काही सर्जन गाठ काढून टोक जवळच्या स्नायूत पुरतात. त्याने ती जागा दाबापासून लांब जाते, एवढा फायदा खरा. पण त्या स्नायूला स्वतःची नस असते, आणि आधीच नस असलेला स्नायू दुसऱ्या नसेचे तंतू स्वीकारत नाही. भरलेल्या एसटीत चढल्यासारखे ते तंतू दारातच लोंबकळतात. टीएमआरमध्ये आधी जागा रिकामी करतात : स्नायूकडे जाणारी छोटी चालक (त्याला हलवणारी) शाखा कापतात आणि तिच्या उरलेल्या टोकाला दुखणारी मोठी नस जोडतात. नस नसलेला स्नायू येणारे तंतू घेतो.

ही पद्धत शिकागोत टॉड कुइकेन आणि ग्रेगरी ड्युमेनियन यांनी या शतकाच्या सुरुवातीला विजेवर चालणारा कृत्रिम हात हलवता यावा म्हणून आणली. दुखणे कमी होते, हे पुढे रुग्णांकडूनच लक्षात आले. मग २८ जणांना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटून जुन्या ‘कापा आणि पुरा’ पद्धतीशी तुलना झाली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाच्या शेवटी फँटम दुखण्याचे गुण टीएमआरच्या गटात सरासरी सुमारे ३ ने उतरले, जुन्या पद्धतीत जवळजवळ जैसे थे राहिले. संख्या लहान आहे, त्यामुळे ‘हमखास’ हा शब्द कोणी वापरला तर सावध व्हा.

आता तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत काय करतील ते. कोपराच्या वर तीन मोठ्या नसांची तोंडे उघडी असतात : मीडियन, अल्नर आणि रेडियल. मीडियन नस बायसेप्सच्या आतल्या म्हणजे आखूड भागाच्या चालक शाखेला जोडतात. रेडियलचे खालचे टोक ट्रायसेप्सच्या बाहेरच्या भागाच्या शाखेला. स्टंप लांब असेल तर अल्नर नस बायसेप्सखालच्या ब्रॅकिॲलिस स्नायूच्या शाखेला. बायसेप्सचा लांब भाग आणि ट्रायसेप्सचा उरलेला भाग मुद्दाम शाबूत ठेवतात, कारण कृत्रिम कोपर वाकवण्या-उघडण्याचे संदेश तिथून घ्यायचे असतात.

छेद घेतल्यावर आधी गाठ शोधून नस मागे मागे कापत जातात. कापलेल्या तोंडावर व्रणाचा पांढरट, कडक भाग संपून तंतूंचे मऊ, फुगीर गुच्छ दिसेपर्यंत थांबायचे नाही. दोनदा ऑपरेशन झालेल्या हातात व्रण बराच वर चढलेला असतो. सर्जनने इथे कसूर केली तर पुढचे सगळे वाया जाते. मग हातात धरायच्या स्टिम्युलेटरने अर्धा ते दोन मिलिअँपियर प्रवाह देऊन स्नायूची शाखा शोधतात. शाखेला टोक लावले की स्नायू टचकन उडाला पाहिजे. म्हणून भूलतज्ज्ञांनी दीर्घकाळ टिकणारे स्नायू शिथिल करणारे औषध द्यायचे नसते, आणि टुर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) लावला असेल तर तो साधारण अर्ध्या तासाच्या आत सोडायचा असतो. नाहीतर रक्ताविना नस गप्प होते आणि शाखा हाताशी असूनही ओळखू येत नाही.

सापडलेली शाखा स्नायूत शिरते तिथून सेंटीमीटरभर अंतरावर कापतात. अंतर जितके कमी तितके तंतू लवकर पोहोचतात. तिचे वरचे टोक दुसरीकडे वळवून ठेवतात, म्हणजे ते परत आपल्या जुन्या स्नायूत घुसत नाही. जोड ८-० नायलॉनच्या दोन-चार टाक्यांनी, भिंगाचा चश्मा किंवा मायक्रोस्कोप लावून होतो. ताण अजिबात नको. खांदा सगळ्या दिशांना हलवून जोड ओढला जात नाही ना, हे टेबलावरच पाहतात.

एक अडचण उरते. मीडियन नस पेन्सिलीच्या जाडीची आणि शाखा जेमतेम १ मिलिमीटरची. सगळे तंतू आत मावत नाहीत, काही बाजूने सांडतात. म्हणून जोडाभोवती त्याच स्नायूचा थोडा भाग गुंडाळून शिवतात. तरीही जोडावर थोडी गाठ होऊ शकते. ती खोल आणि मांसात असल्याने सहसा त्रास देत नाही.

अपयश येते ते बहुधा या कारणांनी : एखादी दुखणारी नस शोधलीच नाही, व्रणातच जोड दिला, जोड सॉकेटच्या दाबाच्या जागी आला, किंवा मुळात दुखणे नसेचे नव्हते. हातात कातडीच्या बारीक नसाही असतात. पायात सुरल आणि सॅफिनस या दोन हमखास राहून जातात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुखणाऱ्या प्रत्येक बिंदूवर मार्करने खूण करून घ्या. भूल दिल्यावर रुग्ण बोट दाखवू शकत नाही.

प्रश्न : माझ्या भावाला टीएमआर नको, ‘स्नायूचा तुकडा नसेच्या टोकाला गुंडाळू’ असे सांगितले. हे स्वस्तातले काम आहे का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही. हे आरपीएनआय (रीजनरेटिव्ह पेरिफेरल नर्व्ह इंटरफेस). अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पॉल सेडर्ना यांच्या गटाने ते विकसित केले. साधारण ३ सेंमी लांब, दीड ते दोन सेंमी रुंद आणि अर्धा सेंमी जाड असा स्नायूचा सुटा तुकडा घेऊन त्यात नसेचे टोक ठेवतात आणि पानाच्या विड्यासारखे नव्हे, तर सैलसर गुंडाळून शिवतात. सुट्या तुकड्याला रक्तपुरवठा नसतो. पहिले काही दिवस तो आजूबाजूच्या द्रवावर तगतो, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात. म्हणून जाडी महत्त्वाची : तुकडा जाड घेतला तर आतला भाग मरतो आणि नसेच्या वाट्याला नुसता व्रण येतो. दुसरी चूक म्हणजे मोठी नस एकाच तुकड्यात कोंबणे. मांडीतली सायटिक नस गुच्छांप्रमाणे दोन ते चार भागांत फोडून प्रत्येकाला वेगळा तुकडा द्यावा लागतो.

चालक शाखा शोधायची नसल्याने वेळ कमी लागतो आणि चांगला स्नायू बळी द्यावा लागत नाही. स्टंप आखूड असेल किंवा रुग्णाला लांब भूल झेपणार नसेल, तर आम्हीही हेच सुचवू. पुढे विजेचा हात बसवायचा असेल तर मात्र टीएमआरचे पारडे जड. बरेच सर्जन आता दोन्हींचा मेळ घालतात.

प्रश्न : आईच्या मांडीत टीएमआर होऊन तीन आठवडे झाले. दुखणे कमी व्हायचे सोडून वाढले आहे. ऑपरेशन फसले का? जयपूर फूट कधी घालता येईल? — एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : तीन आठवड्यांवर निकाल लावू नका. नस नव्याने कापली आहे, तिचे तंतू अजून वाटेत आहेत. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत फँटम वाढणे नेहमीचे आहे, आणि हे आईंना ऑपरेशनआधीच सांगायला हवे होते. आधी चालू असलेल्या नसेच्या गोळ्या ऑपरेशन झाले म्हणून बंद केल्या असतील तर त्या लगेच डॉक्टरांना विचारून सुरू करा; आमच्या मते अशा वेळी दुखणे उसळण्याचे हे मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे.

तंतू स्नायूत पोहोचल्याची खूण तीन ते सहा महिन्यांत दिसते. नसलेला पंजा खाली दाबायचा म्हटले की मांडीच्या मागचा स्नायू आकसतो. घरच्यांना हे बघून धास्ती वाटते, पण ती चांगली खूण आहे. खरा हिशोब वर्षाने करा.

ताप, मांडीवर पू, पसरणारी लाली, अचानक आलेली मोठी सूज किंवा जखमेची काळी कडा यांपैकी काही असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. बाकी टाके दोन-तीन आठवड्यांनी निघतात, मधुमेहात आणखी उशिरा. जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे बहुधा सहा आठवडे, सॉकेट नको. तोवर क्रेप बँडेज किंवा श्रिंकर (स्टंपवर दाब देणारा लवचिक मोजा). बँडेज टोकाशी घट्ट आणि वर सैल असे तिरपे बांधायचे. वर घट्ट बांधले तर टोक फुगून स्टंप भोपळ्यासारखा होतो. ज्या स्नायूची शाखा कापली तो काही महिने सुकतो, त्यामुळे स्टंपचा आकार बदलतो. नवे सॉकेट घाईने करू नका, जुन्यात सॉक वाढवून भागवा. पावसाळ्यात सॉक दिवसातून दोनदा तरी बदलला पाहिजे, ओल्या सॉकने कातडी सोलवटते आणि सगळे वेळापत्रक मागे पडते.

प्रश्न : मामांचा पाय पुढच्या महिन्यात गुडघ्याखाली कापायचे ठरले आहे. हे नसेचे काम त्याच वेळी करून घेता येते का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : येते, आणि रुग्णाची तब्येत साथ देत असेल तर तेव्हाच करणे आम्हाला जास्त पटते. नसा समोर असतात, व्रण नसतो, आणि आरपीएनआयसाठी कापलेल्या पायातलाच निरोगी स्नायू वापरता येतो. मिशिगनच्याच गटाने पाय-हात कापतानाच आरपीएनआय केलेल्या ४५ जणांची तसे न केलेल्या ४५ जणांशी तुलना केली : दुखणारा न्यूरोमा पहिल्या गटात कुणालाच नाही, दुसऱ्यात ६ जणांना; फँटम पहिल्यात सुमारे निम्म्यांना, दुसऱ्यात दहापैकी नऊ जणांना. ही तुलना जुन्या नोंदींवरून केलेली होती, तेवढे ध्यानात ठेवून वाचावी.

भुलेचा वेळ तासाभराने, टीएमआर असेल तर कधी दोन तासांनी वाढतो. हृदय कमकुवत असेल, पायात पसरलेला जंतुसंसर्ग असेल किंवा तातडीने जीव वाचवण्यासाठी पाय काढावा लागत असेल, तर नसेचे काम नंतरवर ढकलणेच शहाणपणाचे. मामांच्या सर्जनना आताच विचारा : टिबियल, दोन्ही पेरोनियल, सुरल आणि सॅफिनस या पाचही नसांचे काय करणार? ‘ओढून कापू, आपोआप वर जातील’ असे उत्तर आले तर प्लास्टिक सर्जनना सोबत घेता येईल का, हा पुढचा प्रश्न. तंबाखू, मिश्री, विडी आजपासून बंद. आणि ऑपरेशनच्या आधीचे दुखणे नीट आटोक्यात आणायला सांगा. आधी दुखणे जितके तीव्र, नंतर फँटमचा धोका तितका जास्त.

प्रश्न : ऑपरेशन टाळायचे असेल तर? आरशाचा उपाय खरा आहे का? — एक वाचक, येरवडा

उत्तर : खरा आहे, फक्त नेमाने करायला हवा. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो १९९० च्या दशकात पुढे आणला आणि २००७ मध्ये पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांवर झालेल्या चाचणीत रोज १५ मिनिटे, चार आठवडे या मात्रेने फरक दिसला. साधारण चार फुटी आरसा दोन्ही मांड्यांच्या मध्ये, लांबी पायाच्या दिशेने येईल असा उभा ठेवा, स्टंप त्यामागे झाका, कृत्रिम पाय काढून ठेवा. चांगल्या पायातले पैंजण, मोजे काढा. आरशात बघत घोटा सावकाश वर-खाली करा आणि नसलेल्या पायानेही तेच करतो आहोत असे मनात धरा. चक्कर आली किंवा दुखणे भडकले तर त्या दिवशी थांबा. दोन्ही पाय गेले असतील तर हा उपाय या रूपात जमत नाही.

गोळ्यांत गाबापेन्टिन, प्रीगाबालिन, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन ही नेहमीची नावे. गाबापेन्टिन साधारण ३०० मिलिग्रॅम रात्री असे सुरू करून हळूहळू वाढवतात. मधुमेह्यांनी आधी क्रिएटिनिन तपासून घ्यावे, मूत्रपिंड मंद असेल तर डोस कमी लागतो. प्रोस्टेटचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांनी ॲमिट्रिप्टिलिन स्वतःच्या मनाने घेऊ नये. यांपैकी कोणतीही गोळी एकदम तोडू नका. न्यूरोमात अल्कोहोलची इंजेक्शने वारंवार घेण्याच्या बाजूने आम्ही नाही; आराम तात्पुरता आणि पुढच्या सर्जनला व्रणाचा चिखल.

प्रश्न : पुण्यात यासाठी कुणाकडे जायचे? खर्च योजनेत बसतो का? — एक वाचक, कात्रज

उत्तर : हाताच्या बारीक नसा नियमित जोडणारे प्लास्टिक सर्जन किंवा हँड सर्जन शोधा. मायक्रोसर्जरीची सवय ही खरी पात्रता. ससूनमध्ये प्लास्टिक सर्जरीची ओपीडी आहे, सुरुवात तिथूनही करता येईल. कामावर अपघात झाला असेल आणि ईएसआयचे कार्ड असेल तर आधी बिबवेवाडी किंवा चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयातून पुढे पाठवल्याची चिठ्ठी घ्या. परस्पर भरती झाल्यावर बिल मागे मिळवणे जिकिरीचे होते. महात्मा फुले योजनेसाठी भरती होण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि सर्जननी लिहिलेले शस्त्रक्रियेचे नाव यादीतल्या कोणत्या पॅकेजखाली मंजुरीला पाठवणार, हे विचारून घ्या. खासगी विम्यात ‘न्यूरोमा’ आणि ‘नस जोडणी’ हे दोन्ही उल्लेख पूर्वमंजुरीच्या अर्जात असू द्या, नुसते ‘स्टंप रिव्हिजन’ (स्टंपची दुरुस्ती) लिहिले तर निम्मे काम कागदावर येतच नाही.

सॉकेट आणि कृत्रिम अवयवासाठी वानवडीचे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, तिथे नागरिकांनाही घेतात. साधू वासवानी मिशनही कृत्रिम हात-पाय पुरवते. कुठेही गेलात तरी डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्या. त्यात कोणती नस कोणत्या स्नायूच्या शाखेला जोडली आणि जोड स्टंपच्या टोकापासून किती सेंटीमीटरवर आहे, हे लिहिलेले असावे. सॉकेट बनवणाऱ्याला तेवढ्या जागेवरचा दाब काढून टाकता येतो, आणि विजेचा हात बसवायचा असेल तर इलेक्ट्रोड कुठे लावायचे हेही त्यावरूनच ठरते.